मदत हवी आहे : सिगारेट सोडताना सकाळच्या चहाची वेळ कशी निभवावी?

नमस्कार.

मी इंदूरला राहतो, पन्नाशी ओलांडली आहे आणि कॉलेजात लागलेली सिगारेट अजून सुटलेली नाही. आता ती कायमची सोडायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरले आहे. त्यामुळे प्रश्न इच्छाशक्तीचा नसून एका नेमक्या अडचणीचा आहे.

कामाच्या वेळेत मी निभावून नेतो. खरी तलफ येते ती सकाळी, कारण रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते आणि रात्रभराच्या झोपेनंतर ते जवळजवळ उरतच नाही. नेमके त्याच वेळी फिरून परतताना गुमटीवरचा (म्हणजे टपरीवरचा) चहा आणि लिंबू पिळलेले, वर जीरावन हा इंदुरी मसाला भुरभुरवलेले पोहे, हा आमचा वर्षानुवर्षांचा नेम आहे आणि बरोबरच्या मंडळींपैकी निम्मे तरी ओढणारे आहेत.

डॉक्टरांनी निकोटिनचे च्युइंग गम सुचवले आहे. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागते अशांना २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचे देतात, असे त्यांनी सांगितले. ते सावकाश चावायचे, जीभ चुरचुरू लागली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये धरून ठेवायचे, म्हणजे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते. परंतु तोंडात आंबटपणा असेल तर ते नीट शोषले जात नाही, म्हणून आधी १५ मिनिटे आणि गम तोंडात असेपर्यंत चहा, कॉफी किंवा आंबट काही चालत नाही. म्हणजे लिंबू-पोहेही बादच!

ज्यांनी गम वापरले आहे, त्यांनी ते चहाच्या आधी संपवले की नंतर घेतले? त्याऐवजी त्वचेवर लावायची पट्टी कोणी वापरली असल्यास मे महिन्याच्या घामात ती टिकते का? सिगारेट सुटल्यावर कॅफिन शरीरात अधिक वेळ राहते, असेही कळले. तेव्हा चहा किती कमी करावा लागला? आणखी एक, जरा संकोचाने विचारतो : पहिल्या सिगारेटशिवाय पोट साफ न होण्याची सवय कोणाची, कशाने मोडली?

‘गुमटीवर जाणेच बंद करा’ हा सल्ला घरून रोज मिळतो, तो कृपया वगळावा.