डोळ्याच्या खोबणीचं फ्रॅक्चर: टायटॅनियमची जाळी की पोरस पॉलिथिलीन? अनुभव हवे आहेत

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला (वय २४) गेल्या आठवड्यात कबड्डीच्या सामन्यात चढाई करताना समोरच्याचा गुडघा डाव्या डोळ्यावर बसला. नजर शाबूत आहे, डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदाही तपासला. पण सीटी स्कॅनमध्ये खोबणीचा तळ फुटलेला निघाला, ज्याला ब्लोआउट फ्रॅक्चर म्हणतात. हा तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याखाली सायनसची पोकळी. डोळ्याभोवतीची चरबी तिकडे उतरली आहे.

वर किंवा खाली बघितलं की त्याला एकाचे दोन दिसतात, जिना उतरताना कठडा सोडत नाही. डावा गाल आणि वरचा ओठ बधिर आहे. दात घासताना वरचे दात दुसऱ्याचेच असल्यासारखे वाटतात म्हणतो. सूज उतरली तसा डोळा आत गेलेलाही दिसायला लागलाय. नाक शिंकरायला सक्त मनाई आहे, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

तळाचा निम्म्याहून जास्त भाग गेल्यामुळे ऑपरेशन लागणारच, यावर दोन्ही डॉक्टरांचं एकमत आहे. तेही दोन आठवड्यांच्या आत, नाहीतर आतलं सगळं चिकटत जातं. मतभेद आहे तो तळाच्या जागी काय बसवायचं यावर.

मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याचे) सर्जन टायटॅनियमची जाळी सुचवतात. पातळ असते, हवी तशी वाकवता येते, स्क्रूने पक्की बसते, मोठ्या भोकालाही आधार देते आणि नंतरच्या स्कॅनमध्ये जागेवर आहे की नाही ते स्पष्ट दिसतं. पण तिच्या भोकांतून आतल्या ऊती वाढून चिकटतात आणि कधी काढायची वेळ आली तर अवघड जातं. ऑक्युलोप्लास्टीच्या (पापण्या-खोबणीची ऑपरेशनं करणाऱ्या) मॅडमना पोरस पॉलिथिलीनचा, म्हणजे बारीक छिद्रं असलेल्या प्लास्टिकचा, पत्रा बरा वाटतो, कारण त्याच्या कडा मऊ असतात आणि स्नायूला काचत नाहीत. पण तो स्कॅनवर नीट दिसत नाही आणि पातळ पत्रा एवढ्या मोठ्या भोकावर खाली झुकू शकतो. पॉलिथिलीनच्या आत टायटॅनियमची जाळी असलेला पत्राही मिळतो. मला तोच सगळ्यात पटतोय, कारण ताकदही येते आणि स्कॅनवरही दिसतो.

कमरेचं हाड काढून बसवायचा पर्याय आम्ही बाजूला ठेवलाय. दुसरी जखम होते आणि ते हाड पुढे किती झिजेल याचा भरवसा नाही. विरघळणारे पत्रे लहान भोकांसाठी ठीक, असं कळलं. उजव्या खोबणीचा स्कॅन उलटा फिरवून थ्रीडी प्रिंटिंगने मापाचं इम्प्लांट बनवतात, ते ऐकायला उत्तम वाटतं, पण खर्च जास्त आणि बनून यायला वेळ लागतो. आमच्याकडे तोच नाही.

ज्यांनी स्वतः किंवा घरच्यांसाठी यातलं काही बसवून घेतलंय, त्यांनी कृपया सांगा: दोन दोन दिसणं पूर्ण गेलं का, आणि किती दिवसांनी? गालाचा बधिरपणा? थंडीत किंवा सर्दीत आत काही जाणवतं का? मेडिक्लेममध्ये इम्प्लांटचे पैसे मिळाले का?

आणि भावाचा एकच प्रश्न आहे, जो तो डॉक्टरांना विचारायला घाबरतो: आत जाळी असताना कुणी पुन्हा मैदानात उतरलंय का? परत तिथेच मार लागला तर ती जाळीच डोळ्याला इजा करेल का? इथे कुणी या विषयातले डॉक्टर असतील तर यावर जरूर लिहा. ऑपरेशनची तारीख याच आठवड्यात कळवायची आहे.