गीता जयंती : मुलांच्या वाचनाची तयारी

ए-302 : गीता जयंतीला पंधरावा अध्याय मुलांनी वाचायचं ठरलंय ना? आमची तिसरीतली पहिल्याच ओळीत अडकलीय. "ऊर्ध्वमूलमधःशाखमश्वत्थं". काल विचारते, "आई, फांदीला मध कसा?"

सी-101 : 😂😂 तिला मध दिसला, तिची काय चूक!

बी-204 (काकू) : हसताय काय! न विचारता घडाघडा म्हणून टाकणाऱ्यापेक्षा ती पुढे आहे. 'मूलम्'मधला म् पुढच्या 'अधः'ला चिकटला, म्हणून मध झाला. पेन्सिलीने रेघा मारून द्या : ऊर्ध्व-मूलम् / अधः-शाखम् / अश्वत्थम्. मुळं वर, फांद्या खाली असा पिंपळ. तिला आधी ते उलटं झाड कागदावर काढू दे. दोन दिवस सुटं वाचायचं, मग जोडून.

डी-503 : काकू, आमचे चिरंजीव एका दमात सुटतात आणि शेवटी धापा टाकतात. श्वास कुठे घ्यायचा?

बी-204 (काकू) : बहुतेक श्लोक अनुष्टुभ छंदातले. चार चरण, प्रत्येकी 8 अक्षरं. दंड (उभी रेघ) येतो तिथे, म्हणजे 16 अक्षरांवर, श्वास. लहानाने 8 वर घेतला तरी चालेल, पण शब्दाच्या पोटात नको. 2 ते 5 आणि 15 हे श्लोक मात्र मोठ्या चरणांचे, साधारण 11 अक्षरांचे. ते पाचवीतल्या मुलांना द्या. चिरंजीवांना सहावा द्या, "न तद्भासयते सूर्यो". सरळ आहे.

सी-101 : रेकॉर्डिंग ऐकवून पाठ करून घेतलं तर?

बी-204 (काकू) : चाल कळायला ऐकवा. पण त्यावरच राहिलं तर डोळे कागदावर राहत नाहीत, आणि एक शब्द सुटला की सगळंच सुटतं. ओळीखाली बोट ठेवून वाचू दे.

ए-605 (काका) : माझं मत वेगळं. चूक तिथल्या तिथे सुधारावी. 'श'चा 'स' एकदा जिभेवर बसला की निघत नाही.

बी-204 (काकू) : बसतो खरा. पण मधेच टोकलं की मूल पुढचा शब्द वाचायच्या आधी आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. मी श्लोक पुरा होऊ देते. मग चुकलेली ओळ आधी मी म्हणते, मागून ते. एका वेळी एकच चूक. आज श-ष, उद्या विसर्ग. 'पावकः'च्या शेवटी हलका ह हवा, मुलं 'पावकहाऽऽ' करतात.

ए-605 (काका) : बरं, ते पटलं. चौदावा माझ्या नातवाला द्या. वैश्वानर म्हणजे पोटातला अन्न पचवणारा अग्नी, हे सांगितल्यापासून जेवताना त्याचीच चौकशी चालते.

ए-302 : आणि आमच्या बाईंनी पहिलाच मागितलाय. मधाचा आहे म्हणे.

बी-204 (काकू) : दिला! 20 श्लोक मोठ्या अक्षरांत, एका पानावर दोनच, असे कोणी छापून आणेल का? पुस्तकातला टाइप फार बारीक आहे.

डी-503 : मी आणतो.