मदत हवी आहे : आईला लागणारी धाप फुप्फुसाची की हृदयाची?

माझ्या 64 वर्षांच्या आईला दोन महिन्यांपासून जिना चढताना धाप लागते, रात्री आडवे पडताच दम कोंडतो म्हणून ती दोन उशा घेऊन झोपते आणि संध्याकाळी तिच्या पायांवर सूज येते. तिने विडी-तंबाखूला कधी हात लावला नाही; मात्र तीस वर्षे चुलीवर स्वयंपाक केला आहे आणि त्या धुरानेही सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसाचा जुनाट आजार) होऊ शकतो. आडवे झाल्यावर वाढणारी धाप व सूज ही हृदय कमकुवत झाल्याचीही लक्षणे असू शकतात. शिवाय गेल्या वर्षी तिचे हिमोग्लोबिन 8, म्हणजे बरेच कमी होते आणि त्यानेही धाप लागू शकते. आमच्या डॉक्टरांनी सारे वयावर ढकलले, जे मला पटलेले नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) आधी करावा की स्पायरोमेट्री (नळीत फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी), आणि प्रथम कोणत्या तज्ज्ञांना दाखवावे, हे जाणकारांनी कृपया लवकर सांगावे.