गच्चीवर ‘अंधाधुन’ झाला, रविवारी सोसायटीचा ग्रुप पेटला

येमूल (सेक्रेटरी): सर्वांना नमस्कार. काल गच्चीवर सिनेमाला आलात, आभार. दोन सतरंज्या आणि एक पाण्याची बाटली वरच राहिली आहे, ज्यांची असेल त्यांनी न्यावी.

हिरेमठ काकू (बी-२०१): आभार कसले ओ! आमची नातवंडं रात्री एकपर्यंत जागी. घरात मुडदा पडलाय आणि हा पियानो वाजवत बसलाय. सोसायटीत दाखवायचा सिनेमा आहे का हा?

प्राजक्ता (ए-१०३): काकू, पण तुम्ही शेवटपर्यंत हलला नाहीत की 😄

हिरेमठ काकू: मधेच कसं उठणार गं? ती तब्बू पुढं काय करते ते बघायला नको?

कुलकर्णी सर (सी-४०२): वहिनी, तुम्ही उठला नाहीत यातच सगळं आलं. तो पियानोवाला आंधळ्याचं सोंग घेऊन बसलाय, हे त्याला माहीत आणि आपल्याला. समोर तब्बूच्या मेलेल्या नवऱ्याला सुटकेसमध्ये कोंबायचं चाललंय आणि याचा एक सूर हलता कामा नये. हलला की गेला. त्या खोट्यात आपणही भागीदार होतो आणि ते पचावं असं आपल्याला वाटतं. निओ-न्वार म्हणजे नव्या जमान्यातले असले काळोखे गुन्हेगारी सिनेमे, त्यांची खरी गंमत ही. बाकी धूर, पाऊस, निऑनच्या पाट्या काय, भाड्यानं मिळतात.

समीर (डी-३०४): सर, हल्ली भाड्याचंच जास्त दिसतंय. कुठलीही सिरीज लावा. ओला रस्ता, लाल-निळा उजेड, बायको सोडून गेलेला इन्स्पेक्टर, हातात ग्लास. पहिल्या एपिसोडलाच झाडून सगळे हरामखोर. मग आठव्यात कुणी गद्दारी केली तर आपल्याला काय फरक पडतो?

कुलकर्णी सर: बरोबर बोललास. घसरायला माणूस आधी उभा असावा लागतो. १९४४ चा ‘डबल इन्डेम्निटी’ बघ. विम्याची पॉलिसी विकणारा एजंट, नोकरी चांगली, साहेबाचा विश्वास. एका बाईपायी आणि पैशापायी पाय घसरतो. दिग्दर्शक बिली वाइल्डर हिटलरमुळे युरोप सोडून आलेला. असे बरेच जण तेव्हा हॉलिवूडला आले, त्या काळोख्या सावल्या त्यांनी बरोबर आणल्या. त्या वेळी गुन्हेगाराला शेवटी शिक्षा झालीच पाहिजे असा नियम होता. तो १९६८ मध्ये गेला आणि नंतरच्या सिनेमात पापी माणूस बिनधास्त सुटायला लागला. त्यामुळे धास्ती वाढली हे खरं. पण पुढं पुढं तीच सवय झाली. शेवट काळा केला की सिनेमा खोल झाला, असं आजच्या लोकांना वाटतं.

येमूल (सेक्रेटरी): मध्येच बोलतो, माफ करा. पाणी उद्याऐवजी परवा पहाटे येईल असं कळलंय. टाक्या भरून घ्या, थेट नळाला मोटर लावू नका.

हिरेमठ काकू: आधीच चार दिवसाआड, त्यात परवा! उजनी धरण भरलं काय, नाही भरलं काय, आमच्या सोलापूरच्या नळाला सारखंच.

समीर: घ्या सर, निओ-न्वार इथंच आहे. पाऊस लागतोच कशाला 😂

कुलकर्णी सर: हसू नकोस. १९७४ चा ‘चायनाटाऊन’ पाण्यावरच आहे. लॉस एंजेलिस, १९३७, दुष्काळ. शेतकरी टाहो फोडतायत आणि रात्री पाणी गुपचूप सोडून दिलं जातंय. जमिनी कवडीमोल झाल्या की कुणीतरी त्या घेतंय, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांच्या नावावर. त्यांना पत्ताच नाही. जॅक निकल्सनचा हेर आलेला असतो नवरा-बायकोच्या भानगडीसाठी. नाक खुपसतो आणि नाकच चिरून घेतो. पुढं बराच वेळ हिरो नाकावर पांढरी पट्टी लावून हिंडतो. आणि सगळं लख्ख उन्हात. त्या शहरानं दूरच्या खोऱ्यातलं पाणी १९१३ मध्ये कालव्यानं खरंच आणलं होतं, तिथल्या शेतकऱ्यांचा तो राग त्या गोष्टीच्या मुळाशी आहे.

हिरेमठ काकू: म्हणजे आपल्या टँकरवाल्यांवर पण निघेल की एक.

प्राजक्ता: निघावाच. पण त्यात बाई आली की लाल लिपस्टिक लावून पुरुषाला बुडवणारी, एवढंच काम नको. तिला काय हवंय हे कुणी विचारतच नाही. कालची सिमी, म्हणजे तब्बू, मला आवडली कारण ती आधी घाबरते आणि मग भराभर पुढचं रचत जाते. तिच्या नवऱ्याला स्वतःची जुनी गाणी बघत बसायचा नाद, तो पण खरा वाटला. त्याच दिग्दर्शकाच्या ‘मेरी ख्रिसमस’ मध्ये मात्र मला जांभया आल्या. मूड लई, गोष्ट पुढं सरकेना.

समीर: ए, तो भारी आहे!

प्राजक्ता: तू बघ परत. मी नाही.

कुलकर्णी सर: पुढच्या वेळी ‘मनोरमा सिक्स फीट अंडर’ लावू. २००७ चा. राजस्थानातलं छोटं गाव, लाच घेताना सापडून निलंबित झालेला ज्युनियर इंजिनियर, हौसेनं रहस्यकथा लिहिलेली. ‘चायनाटाऊन’ वरूनच सुचलेला, पण बायकोची कटकट, मोटरसायकल, रणरणतं ऊन, सगळं आपल्याकडचं. आपल्या एप्रिल-मेमध्ये माणूस दुपारी दोनला किती चिडलेला असतो, ते ज्याला कळलं त्याला निळे दिवे लागत नाहीत.

समीर: मराठीत ‘पुणे ५२’ आहे की. गिरीश कुलकर्णी, खाजगी हेर, १९९२ चं पुणं. पहिला अर्धा फर्स्टक्लास. घरभाड्याची ओढाताण आणि दुसऱ्यांच्या बायकांवर पाळत. नंतर मला धागा सापडेना.

प्राजक्ता: पुण्यात निघतो, मुंबईत निघतो. सोलापुरात कधी? बंद मिलच्या आवारात रात्री कोण शूट करणार!

येमूल (सेक्रेटरी): सिनेमा कुठलाही ठरवा, प्रोजेक्टरचं भाडं आधी जमा करा. मागच्या वेळचे तीन फ्लॅटचे अजून यायचे आहेत.

हिरेमठ काकू: आमचे देते. पण पोरं झोपल्यावर लावा. आणि कुलकर्णी सरांना मागच्या रांगेत बसवा, काल सगळं आधीच सांगत होते.