घरातील वडीलधारे का पडतात? आपापले अनुभव लिहावेत

पेठेतली
शेजारच्या काकू परवा मोरीत पाय घसरून पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून आजी सारखी आठवते आहे. आजी पडली ती नळाला पाणी आलेल्या दिवशी. आपल्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्यामुळे आले की पिंप, घागरी, हंडे भरून घेण्याची एकच धांदल उडते, शहाबादी फरशीवर पाणी सांडलेले असते आणि त्यातच म्हातारे माणूसही एखादी कळशी उचलायला उठते. सगळ्यांनी ‘वय झाले’ असे म्हणून विषय संपवला. मला ते पटले नाही, कारण हीच आजी एरवी गच्चीवर जाऊन पापड वाळत घालत असे. आपल्या घरचे माणूस कुठे, कोणत्या वेळी आणि काय करताना पडले, हे कृपया लिहावे.

तिन्हीसांज
वडील प्रत्येक वेळी पहाटे, लघवीसाठी उठल्यावरच पडत. डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आधी आडवे असताना आणि मग उभे करून मोजला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरला, तर घेरी येऊन पडण्याचा धोका मानतात. वडिलांचा त्याहून पुष्कळ उतरत होता. रक्तदाबाची आणि प्रोस्टेटची अशा दोन्ही गोळ्या ते रात्री एकदम घेत असत. डॉक्टरांनी वेळा आणि मात्रा बदलून दिल्या. आता ते खाटेच्या कडेला थोडा वेळ बसतात, पावले वरखाली हलवतात आणि मगच उठतात. मात्र गोळी आपल्या मनाने कोणीही बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

शेंगाचटणी
काकूंना लवकर आराम पडो. शस्त्रक्रिया झाली का? आमच्या मावशींना दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे केले होते. त्या फार घाबरल्या होत्या, पण पडून राहिल्या नाहीत हेच बरे झाले.

जुनी मिल
आईला अनेक वर्षांचा मधुमेह आहे आणि तिचे तळपाय बधिर झाले आहेत. चप्पल पायातून निसटली तरी तिला समजत नाही. ती तशीच पुढे चालते आणि उंबऱ्याला अडखळते. झिजलेल्या रबरी सपाता आम्ही टाकून दिल्या आणि टाचेमागे पट्टा असलेली चप्पल आणली. जिन्यावरून पडण्याचे कारण मात्र निराळे निघाले. तिच्या चष्म्यात खालचा भाग वाचनाचा आहे, त्यातून खाली पाहिले की पायरीची कड धूसर दिसते. आता चालण्यासाठी दूरचा वेगळा चष्मा आहे आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा रंगवला आहे. मोतीबिंदूही वेळेवर काढून घ्यावा.

तळ्याकाठी
मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात, आणि त्यांत साठीपुढची सर्वाधिक असतात. मला हाडाइतकीच काळजी वाटते ती एकदा पडल्यानंतर मनात बसणाऱ्या भीतीची. रोज सिद्धेश्वराच्या दर्शनाला चालत जाणारे गृहस्थ घरात बसून राहतात, मांड्यांतले बळ जाते आणि ते पुन्हा पडतात. त्यांना ‘बसा, उठू नका’ असे बजावणारी आपलीच माणसे त्यात भर घालतात. घरी एक चाचणी करता येते: खुर्चीतून उठून तीन मीटर चालायचे, वळून परत येऊन बसायचे. याला 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर तोल आणि ताकद यांवर काम करायला हवे. हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे आणि ओटा धरून एका पायावर उभे राहणे, हे व्यायाम रोज करावेत. सुरुवातीला कोणीतरी शेजारी असावे.

उंबरा
सासूबाई न्हाणीतल्या टॉवेलच्या दांडीला धरून उठायच्या. एके दिवशी ती दांडी स्क्रूसकट हातात आली. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेण्यासाठी नसते, हे घरोघरी सांगावेसे वाटते.

पेठेतली
शेंगाचटणी, शस्त्रक्रिया काल झाली, काकू शुद्धीवर आहेत. उंबरा, काकूंच्या मोरीची भिंत जुन्या बांधणीची, मातीची आहे. तिच्यात आधाराची दांडी टिकेल का, की जमिनीपासून लोखंडी खांब घ्यावा?

उंबरा
खांबच घ्या. आमच्याकडे गवंड्याने तोच उपाय केला: फरशी फोडून खांब काँक्रीटमध्ये बसवला आणि त्याला आडवी दांडी जोडली. दांडीची उंची काकूंना बसवून, त्यांचा हात जिथे सहज पोहोचतो तिथेच ठरवा.