जमिनीतली जुनी तेलाची टाकी काढायची आहे, कॉन्ट्रॅक्टरला काय काय विचारू?

अंगणवेल:
घर घेतलं तेव्हा हीटिंग गॅसवरच होतं, पण मागच्या बाजूला भिंतीलगत जमिनीतून दोन लोखंडी पाइप वर आलेत आणि शेजारी म्हणाले की पूर्वी हीटिंगच्या तेलाची टाकी होती, ती अजून खालीच असणार. दोन कॉन्ट्रॅक्टर येऊन बघून गेले. एक म्हणतो टाकी उकरून काढू आणि माती तपासून घेऊ. दुसरा म्हणतो एवढा खटाटोप कशाला, तेल उपसतो, वाळू भरतो, परमिटबिरमिट काही लागत नाही, आणि त्याचं कोटेशन निम्म्याहून कमी. घरच्यांचा कल त्याच्याकडे आहे. मला धाकधूक वाटतेय कारण पुढेमागे घर विकायचंय. काय बघून ठरवायचं?

मातीमोल:
दुसऱ्याला काम देऊ नका, कळकळीने सांगतोय. वाळू किंवा फोम भरून टाकी जागेवरच बंद करतात हे खरं, काही ठिकाणी नियमात बसतंही, विशेषतः टाकी घराच्या पायाला खेटून असेल आणि उकरल्यावर बांधकामाला धोका असेल तर. पण तेव्हाही आधी टाकी उघडून आतून साफ करायची असते आणि भोवतालच्या मातीचे नमुने घ्यायला हवेत. परमिट लागतं का हे त्याला विचारूच नका, स्थानिक बांधकाम खात्याला किंवा अग्निशमन दलाला स्वतः फोन करा.
पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे वर्षानुवर्षं ते टाकीच्या तळाशी साचत राहतं आणि पत्रा आतून गंजतो, बाहेरून ओली माती आपलं काम करतच असते. वरून धडधाकट दिसणारी टाकी खालून चाळणी झालेली निघू शकते. माती न तपासता वाळू भरलीत तर गळती होती की नव्हती हे कळणारच नाही, आणि घर घेणारा नेमकं तेच विचारणार.

निळाई:
+१. पहिल्यालाही डोळे झाकून हो म्हणू नका. गळती सापडली तर पुढे काय, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. म्हणजे काम थांबवून तुम्हाला दाखवणार का, तेल मुरलेल्या मातीचा टनामागे दर काय, खात्याला कोण कळवणार. खरा खर्च टाकीचा नसतोच, मातीचा असतो, आणि खड्डा उघडा पडल्यावर तुम्ही घासाघीस करायच्या परिस्थितीत नसता. माती तपासणारा आणि माती उचलून पैसे घेणारा एकच नको, नमुने स्वतंत्र लॅबकडे जाऊ देत.
विम्याचे कागद मागा, त्यात प्रदूषणाचं कव्हर आहे ना ते बघा, साध्या विम्यात बरेचदा ते वगळलेलं असतं. आणि इन्स्पेक्टर बघून जाईपर्यंत खड्डा बुजवायचा नाही.

अंगणवेल:
खूप आभार दोघांचे. पहिला म्हणाला की त्याचा माणूस आत उतरून गाळ काढेल, हे बरोबर आहे का? शिवाय तळघरात भिंतीतून दोन बारीक तांब्याच्या नळ्या आल्यात, त्यांचं काय?

मातीमोल:
उतरतात, पण आधी वाफ बाहेर काढून, मीटरने ऑक्सिजन आणि ज्वलनशील वाफ मोजून, बाहेर एक माणूस उभा ठेवून. टाकी कापण्याआधीही मीटर लावायलाच हवा. हे कसं करतो ते त्याला सविस्तर विचारा, उत्तर देताना चाचरला तर तिसरा माणूस शोधा. खोदण्याआधी जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी मार्क करून घेणार ना तेही विचारा.

निळाई:
त्या नळ्या बहुतेक जुन्या हीटिंगच्या बर्नरला तेल आणणाऱ्या आणि उरलेलं परत नेणाऱ्या असणार. गळती कधीकधी टाकीत नसते, त्यांच्यातच असते, म्हणून त्या रिकाम्या करून काढणं आणि भिंतीतली भोकं बुजवणं कामात लिहून घ्या. वर आलेले दोन पाइप म्हणजे तेल भरायचा आणि हवेचा, तेही टाकीबरोबर गेलेच पाहिजेत. तळघरातली टाकी काढलेल्या घरात भरायचा पाइप तसाच राहिला आणि तेलवाल्याने पत्ता चुकून त्यात तेल सोडलं, असे प्रकार खरंच झालेत, सगळं तेल थेट तळघरात. बाहेर काढलेल्या टाकीचे चारही बाजूंनी फोटो, भंगाराची पावती, तेल आणि गाळ कुठे नेला त्याचा कागद, लॅब रिपोर्ट आणि काम पूर्ण म्हणून खात्याने बंद केलेलं परमिट हातात आल्यावरच शेवटचा हप्ता द्या.