मदत हवी आहे: मराठी पीडीएफ बिलांची टेस्ट पास, पण पानावर अक्षरं मोडलेली

कागदकाम:
पायथन आणि रिपोर्टलॅब (पीडीएफ बनवणारी लायब्ररी) वापरून सोसायटीची मेंटेनन्स बिलं मराठीत काढतो. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी. तोच डेटा दोनदा चालवला तरी फाइलचा हॅश (मजकुरावरून निघणारा ठसा-आकडा) जुळत नाही. म्हणून पीडीएफ-टू-टेक्स्ट या साधनाने मजकूर काढून तपासायला लागलो. ‘मागील शिल्लक’ अचूक सापडतं, टेस्ट हिरवी. पान उघडलं की पहिली वेलांटी ‘श’ सोडून पुढच्या ‘ल’वर बसलेली आणि ‘ल्ल’च्या जागी पाय मोडलेला ल् नि सुटा ल. टेस्ट नेमकी कशावर लावायची?

शाईदौत:
हॅशचं सोपं आहे. फाइल तयार झाल्याची वेळ आणि शेवटी लिहिला जाणारा आयडी दर वेळी बदलतो. रिपोर्टलॅबचा कॅनव्हास किंवा डॉक्युमेंट टेम्प्लेट (पान मांडणारे भाग) तयार करताना इनव्हेरियंट = १ द्या, दोन्ही स्थिर होतात. बिलाची तारीख आणि नंबरही टेस्टमध्ये ठरावीक ठेवा. तरीही हॅशवर विसंबू नका. लायब्ररीची आवृत्ती बदलली की काहीही न बिघडता तो बदलेल.

दुसरी अडचण मोठी आहे. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी अक्षराच्या आधी नेणं, रफार वर चढवणं हे काम शेपिंगचं. ते बंद असलं की रिपोर्टलॅब युनिकोडच्या क्रमानेच एकेक आकार मांडतं. क्रम मूळचाच राहिल्याने काढलेला मजकूर शुद्ध येतो. म्हणजे तुमची टेस्ट खोटं सांगत नाही, तिला पान दिसतच नाही. रिपोर्टलॅबच्या नव्या आवृत्त्यांत हार्फबझ या शेपिंगच्या लायब्ररीमार्फत शेपिंग आहे, पण ते आपण चालू करावं लागतं. नाहीतर वीझीप्रिंट (एचटीएमएलपासून पीडीएफ बनवणारी लायब्ररी) घ्या, त्यात ते पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीमार्फत आपोआप होतं.

गंमत अशी की शेपिंग नीट झालं की काढलेला मजकूर बिघडू शकतो: वेलांटी आधी, अक्षर नंतर. त्यामुळे मजकुराची टेस्ट आकडे, बिल नंबर आणि पानांची संख्या यांपुरतीच ठेवा. मराठी शब्द चित्रावरून तपासा.

कागदकाम:
चित्रावरून म्हणजे कसं? एखाद्या पिक्सेलच्या फरकानेही फेल होईल ना?

शाईदौत:
पीडीएफ-टू-पीपीएम (पानाचं चित्र करणारं साधन) वापरून १५० डीपीआयला (इंचाला १५० ठिपके) पीएनजी काढा, ए-फोरचं पान साधारण १२४०×१७५४ पिक्सेलचं येतं. मग ते आधी मान्य केलेल्या नमुना-चित्राशी इमेजमॅजिकच्या (चित्रं हाताळणारं साधन) कंपेअरने ताडून ‘एई’ (वेगळ्या पिक्सेलची संख्या) मोजा, फझ (रंगातला किती फरक चालेल) ५ टक्क्यांपासून सुरू करा. अक्षरांच्या कडांवरचे किरकोळ फरक त्यात गळतात. फॉन्टची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि पॉपलरची (ही पीडीएफची साधनं ज्यातून येतात ते पॅकेज) आवृत्ती डॉकरमध्ये (सगळीकडे सारखंच चालणारं बंदिस्त वातावरण) पक्की करा, नाहीतर तुमच्या मशीनवर पास आणि सर्व्हरवर फेल.

एक पान फक्त शब्दांचं ठेवा: शिल्लक, वर्षाअखेर, दुरुस्ती, महाराष्ट्र, राहणाऱ्यांनी, क्षेत्रफळ. या सहांत वेलांटी, रफार, ‘ष्ट्र’, ‘ऱ्या’ आणि ‘क्ष’ येतात. पहिलं नमुना-चित्र मराठी वाचणाऱ्या माणसाने डोळ्यांनी पाहूनच मान्य करावं. चुकीचं चित्र एकदा नमुना झालं की टेस्ट तीच चूक सांभाळत बसते.

तळटीप:
₹ विसरू नका. रिपोर्टलॅबच्या ठरलेल्या हेल्व्हेटिका फॉन्टात ते चिन्ह नाही, जागी काळा चौकोन येतो. पीडीएफफॉन्ट्स (फाइलमधल्या फॉन्टची यादी देणारं साधन) चालवून देवनागरी फॉन्टपुढे ‘एम्ब’ (फॉन्ट फाइलमध्येच सामावलेला) आणि ‘युनि’ (आकारांचा युनिकोडशी मेळ नोंदलेला) दोन्ही ‘येस’ आहेत का ते बघा. त्या यादीत हेल्व्हेटिका दिसला म्हणून टेस्ट फेल करू नका. रिपोर्टलॅब पानाच्या सुरुवातीला तो आपणहून लावतं, एकही अक्षर त्यात नसलं तरी.

बहुतेक चुका पान उलटताना होतात. पान नेमकं भरेल इतक्या ओळी, त्याहून १ जास्त आणि एकही ओळ नाही, अशी तीन बिलं काढा. रिपीट-रोज (वरच्या किती ओळी दर पानावर पुन्हा छापायच्या) = १ नसेल तर दुसऱ्या पानावर तक्त्याचं शीर्षक येत नाही. शेरा इतका लांब की एकच ओळ पानापेक्षा उंच झाली, तर लेआउट-एररने फाइलच बनत नाही. तेही एक बिल टेस्टमध्ये हवं.

कागदकाम:
शेपिंग चालू केलं, ‘शिल्लक’ नीट आलं. आता शब्दांचं पान बनवतो.